पाच फुटी रीफ टँक: काच झक्कास, पायपांनी रडवलं

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. मालकांनी नंतर सगळं निस्तरून दिलंय, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पण घरात मोठा समुद्री टँक (खाऱ्या पाण्याचा, मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा, त्यालाच रीफ टँक म्हणतात) बसवायचं कुणाच्या डोक्यात असेल तर वाचा, कारण मी दोन महिने फक्त काच, लाईट आणि मासे यावरच व्हिडिओ बघत बसले आणि पाइप म्हणजे काय, प्लंबर लावेल की, असं धरून चालले. तिथेच माती खाल्ली.

पॅकेज होतं ५ बाय २ बाय २ फुटांचा टँक, १२ एमएम काच, लोखंडी चौकोनी पाइपचा पावडर कोटिंगवाला स्टँड, खाली ३ फुटांचा संप (वरच्या टँकचं पाणी जिथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं ती छोटी टाकी) आणि सगळं प्लंबिंग, मिळून ८५ हजार. (संप म्हटलं की आमच्या आईला एसटीचा संप आठवतो, ती अजून विचारते, मिटला का गं तुझा संप.) लाईट, पाणी गार ठेवणारा चिलर, फेसातून घाण काढणारा स्किमर वेगळे, त्यांचा हिशोब नवऱ्याला अजून पूर्ण सांगितलेला नाही.

काचेचं काम मात्र एक नंबर. वर्कशॉपवर भोकं पाडताना मी मुद्दाम गेले होते. त्या माणसाने काचेवर मातीचं गोल आळं केलं, झाडाला करतो तसं, त्यात पाणी ओतलं आणि डायमंड बिटने इतकं हळू भोक पाडलं की पांढरं दुधासारखं पाणी तेवढं वर येत होतं, चर्रर्र आवाज नाही की काही नाही. सिलिकॉनच्या रेषा एकसारख्या, एक बुडबुडा नाही. आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं की बाथरूमला लावतात ते सिलिकॉन इथे चालत नाही, त्यात बुरशी मारायचं औषध असतं. वजनाचंही आधीच बोलले. पाणीच साधारण ५६६ लिटर, वर काच, दगड, स्टँड, संप धरून टनाच्या आसपास जातं, आणि घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. मग इंजिनिअरला दाखवून बीमवरच्या भिंतीलगत टँक लावला. हॉलच्या मधोमध ठेवायची माझी हौस तिथेच संपली.

आता प्लंबिंग. त्यासाठी दुकानाने बाहेरचा प्लंबर पाठवला, माणूस मेहनती, पण हाताला सवय गच्चीवरच्या टाकीची. पहिल्या दिवशी साधं नळाचं पाणी भरून चाचणी घेतली (हे कराच, दोन दिवस तरी, मीठ घालायच्या आधी) आणि रात्री बल्कहेडमधून (काचेच्या भोकात पाइप बसवायचा जोड) टिप टिप सुरू. बघितलं तर रबरी वायसर नटाच्या बाजूला. ती टँकच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली बसायला हवी. वर पान्याने एवढं आवळलेलं की रबर पिळून बाहेर आलं होतं. बल्कहेड हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बास.

मग आवाज. वरून पाणी खाली यायला एकच पाइप दिलेला, तो हवा आणि पाणी एकत्र ओढायचा, दिवसभर हॉलमध्ये कुणीतरी फ्लश ओढतंय असं वाटायचं. पाहुण्यांसमोर तर लाजच. काचेत दोन भोकं आधीच होती, म्हणून मी हर्बी पद्धत करून घेतली, म्हणजे एक पाइप पूर्ण भरून वाहणारा, त्याला खाली गेट वॉल (व्हॉल्व्ह, ज्याने प्रवाह जरा जरा कमी-जास्त करता येतो), आणि दुसरा थोडा उंच, पहिला तुंबला तरच कामाला येणारा. गेट वॉलच हवा, बॉल वॉलने इतकं बारीक सेट होत नाही. समईची वात सारतो तसा जरा जरा फिरवत गेले आणि एका क्षणी आवाज एकदम बंद. मला वाटलं पंपच बंद पडला की काय.

आणि मग आला गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे लाईट जाणार हे लहान पोरालाही माहीत आहे, पण टँक बांधणाऱ्याला माहीत नसावं. पंप बंद झाला की रिटर्नच्या, म्हणजे संपातून पाणी वर नेणाऱ्या पाइपमधून पाणी उलटं खाली ओढलं जातं आणि टँकमधल्या त्याच्या नोझलचं तोंड उघडं पडेपर्यंत येतच राहतं. माझं नोझल तीन इंच खोल. या मापाच्या टँकला एक इंच म्हणजे साडेतेवीस लिटर, तीन इंच म्हणजे सत्तर, आणि संपात जागा असेल चाळीसची. मी भाजी आणायला गेले होते, येऊन बघते तर सोफ्याखालून पाणी वाहतंय. नशीब चाचणी चालू होती म्हणून साधं पाणी, खारं असतं तर खालच्या काकूंनी घरात घेतलं नसतं. दुकानात फोन केला तर म्हणाले, "मॅडम, नॉन रिटर्न वॉल लावलाय की." लावलाय हो, पण त्याच्या झडपेत पीव्हीसीचा एक कीस अडकला होता. खाऱ्या पाण्यात तर क्षार बसून ती झडप कधी ना कधी दगा देणारच. शेवटी नोझल वर घेतलं, पाण्याच्या जरा खाली पाइपला ६ एमएमचं भोक पाडलं, ते उघडं पडलं की हवा आत जाते आणि ओढ तुटते. भोकात शेवाळ धरतं म्हणून दर रविवारी टूथब्रश फिरवते. आता मुद्दाम पंप बंद करून बघितलंय, संप भरतो आणि काठाखाली चार बोटं थांबतो.

पण सगळ्यात मोठी चूक पाण्याची नव्हतीच. मीठ कालवायच्या आदल्या दिवशी टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघत होते तर रिटर्न लाइनला आतून पिवळं चमकलं. ब्रासचा आटा, म्हणजे पितळेचा पेचवाला जोड. प्लंबर म्हणाला, "ताई, प्लास्टिकचा आटा टिकत नाही, म्हणून चांगलं ब्रासचं टाकलं." त्याच्या हिशोबाने त्याने मला महागाचा माल दिला होता. पण पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते सुटतं आणि गोगलगायी, कोळंबी, कोरल यांना थोडंसं तांबंही विष. तेवढा तुकडा कापून प्लास्टिकचा आटा लावला, आणि कापतोच आहोत तर पंपाला युनियन (हाताने फिरवून उघडता येणारे जोड) पण टाकून घेतले, आधी ते नव्हतेच, म्हणजे पंप धुवायला काढायचा तर दर वेळी करवत.

मालकांनी मजुरी एक रुपया घेतली नाही, सामान फक्त माझं. हार्ड कोरल ठेवू नका, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, हेही त्यांनीच बजावलं, दगडसुद्धा मानवनिर्मित दिला. घरच्या फिल्टरचं पाणी वापरू दिलं नाही, त्यात चवीसाठी क्षार ठेवलेले असतात, म्हणून डीआयवाला (उरलेसुरले क्षारही काढणारा) वेगळा आरओ फिल्टर, क्षार मोजायच्या मीटरवर शून्य. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, ६०० लिटरला २१ किलो, बादलीत रवीने नाही घुसळता येत हो, ड्रममध्ये पंप सोडला. माशांना विषारी असलेले अमोनिया, नायट्राइट शून्यावर यायला सहा आठवडे गेले. आता सात महिने झालेत, दोन क्लाउनफिश, आणि मऊ कोरलपैकी थोडे झोआ, मशरूम आणि एक लेदर कोरल, जो आठवड्यातून दोन दिवस रुसून बसतो.

काचेला पाच, पहिल्या प्लंबिंगला दीड, दुरुस्तीला साडेचार. एक तक्रार बाकी आहे. स्टँडची आडवी पट्टी स्किमरच्या कपाच्या बरोब्बर वर येते, कप सरळ निघतच नाही, तिरका करावा लागतो आणि ते तपकिरी घाण पाणी हातावर सांडतं, वास विचारू नका. वेल्डिंगवाल्याला पट्टी वर घ्यायला सांगितलंय. येतो म्हणाला, गुरुवारी.