बेसिक फेशियल आणि स्किन केअरचा कोर्स केला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

फेशियलचा कोर्स करायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी यादीच ऐकवतात, गोल्ड शिकवतो, डायमंड शिकवतो, पर्ल शिकवतो, इतके इतके प्रकार आहेत वगैरे. मी जो कोर्स केला त्यात ही यादीच नव्हती आणि मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडलं असेल तर तेच. नाव साधं, बेसिक फेशियल आणि प्रोफेशनल स्किन केअर, आणि शिकवतात ते एकच फेशियल, पण असं शिकवतात की पुढे कुठल्याही कंपनीचं किट हातात आलं तरी यातलं काय कशासाठी आहे आणि समोरच्या चेहऱ्याला ते चालेल का हे आपलं आपल्याला कळतं. मी आधीपासून पार्लरमध्ये थोडंफार काम करत होते, थ्रेडिंग वॅक्सिंग वगैरे, आणि फेशियल नीट शिकायचं होतं म्हणून हा कोर्स घेतला. ज्या विचार करतायत त्यांच्यासाठी लिहितेय, जे आवडलं तेही आणि जे नाही आवडलं तेही.

सुरुवात थिअरीने होते आणि ती टाळू नका, प्लीज. आमच्या बॅचमध्ये काही जणी थिअरीला दांडी मारून थेट प्रॅक्टिकलला यायच्या आणि मग मॅडमनी विचारलं की हा स्क्रब हिला का नाही लावायचा तर गप्प बसायच्या. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर कागदापेक्षाही पातळ असतो आणि आपण फेशियलमध्ये जे काही घासतो, लावतो, पुसतो ते बहुतेक सगळं त्या थरावरच चाललेलं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप हलका होतो. खालून तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण त्वचेत साधारण 28 दिवस लागतात, वय वाढलं की जास्त, म्हणून दोन फेशियलमध्ये महिनाभराचं अंतर ठेवायला सांगतात. हे अंतर मी कितीतरी वर्षं ऐकत होते पण कारण कोणी सांगितलं नव्हतं.

पीएचचा, म्हणजे एखादी गोष्ट किती आम्ल किंवा अल्कली आहे ते मोजायच्या आकड्याचा तास तर मला फारच आवडला. मॅडमनी एका वाटीत अंघोळीच्या साबणाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात फेसवॉशचं, आणि पीएचच्या पट्ट्या आमच्याच हातात दिल्या. साबणाच्या पाण्यात पट्टी निळसर हिरवी झाली, म्हणजे 9 च्या पुढे, आणि आपल्या चेहऱ्याची त्वचा साधारण 5 च्या आसपास, किंचित आम्ल. साबणाने तोंड धुतल्यावर चेहरा जो ताणल्यासारखा होतो त्याचं एक मोठं कारण हे. आता क्लायंटला मी नुसतं साबण वापरू नका असं म्हणत नाही, का ते सांगते, आणि कारण कळलं की लोक ऐकतात हा माझा अनुभव आहे.

कोरडी त्वचा आणि पाणी कमी झालेली त्वचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पण इथे नीट कळलं. कोरड्या त्वचेत मुळात तेलच कमी बनतं, आणि पाणी कमी होणं तर तेलकट त्वचेलाही होतं, वरून चकाकतेय आणि आतून ओढ बसतेय असा चेहरा. अशा बाईला तेलकट समजून कडक क्लिन्झर आणि मातीचा पॅक लावला की तिची आणखी वाट लागते.

मग येतो कन्सल्टेशन फॉर्म आणि माझ्या मते अख्ख्या कोर्सचा जीव यातच आहे. कुठली औषधं चालू आहेत, पिंपल्सच्या गोळ्या घेताय का, रेटिनॉलचं किंवा ट्रेटिनॉइनचं क्रीम लावताय का, चेहऱ्याचं वॅक्सिंग कधी केलं, ॲलर्जी, प्रेग्नन्सी, ओठांवर तापाचे फोड येतात का. पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा इतकी नाजूक झालेली असते की स्क्रब, पील (ॲसिडने वरचा थर काढणं), फेस वॅक्सिंग सगळं बंद, आणि गोळ्या थांबल्या म्हणून लगेच सुरूही करायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. ओठावर ताजे फोड असतील तर फेशियल पुढे ढकलायचं कारण तो विषाणू हातातून, टॉवेलातून पसरतो.

एकदा प्रॅक्टिकलला एक मुलगी मॉडेल म्हणून आली होती, गाल गुलाबी, चकचकीत, पातळ, आम्ही सगळ्या म्हणतोय काय मस्त स्किन आहे. मॅडमनी मॅग्निफाइंग लॅम्प तिच्या गालावर आणला आणि आम्हाला एकेकीला वाकून बघायला लावलं तर त्या गुलाबीपणात बारीक बारीक लाल रक्तवाहिन्या दिसत होत्या, धाग्यासारख्या, आणि कानाजवळ बारीक लव वाढलेली. मॅडमनी शांतपणे विचारलं, "बाळा, कुठलं क्रीम लावतेस गं?" तिने पर्समधून ट्यूब काढली, मैत्रिणीने दिलेली, गोरं होण्यासाठी म्हणून, आणि मागे बारीक अक्षरात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टर हे काही दिवसांपुरतं, स्वतःच्या देखरेखीखाली देतात आणि ही पोरगी ते रोजच्या क्रीमसारखं कितीतरी महिने लावत होती. त्या दिवशी तिचं फेशियल केलंच नाही. फक्त सौम्य क्लिन्झरने चेहरा पुसला, साधं मॉइश्चरायझर लावलं आणि तिला सांगितलं की त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि ही ट्यूब स्वतःच्या मनाने एकदम बंद पण करू नकोस कारण अचानक थांबवलं की चेहरा जास्त भडकतो, ते कसं कमी करायचं हे डॉक्टरच ठरवतील. ती मुलगी थोडी हिरमुसली, पण फेशियलला नाही म्हणायचं असतं आणि कसं म्हणायचं असतं हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. हे शिकवणारी जागा मिळाली म्हणून मी या कोर्सला एवढे मार्क देतेय.

त्वचेचा रंग आणि उन्हाला ती कशी वागते यावरून फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचेच्या डॉक्टरांनी केलेले सहा प्रकार असतात तेही शिकवलं. ही विभागणी 1975 सालची, आणि सुरुवातीला ती गोऱ्या त्वचेपुरतीच होती, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. हे पार्लरच्या कामात कशाला असं वाटेल, पण सावळ्या त्वचेवर जरा जोरात दाबून पिंपल फोडलं किंवा स्क्रब रगडला की तिथे जो काळा डाग पडतो तो महिनोन् महिने जात नाही, गोऱ्या त्वचेपेक्षा हा त्रास खूप जास्त. म्हणजे ज्या चेहऱ्यांवर लोक टॅन काढा म्हणून सगळ्यात जास्त घासून घेतात तेच चेहरे घासायला सगळ्यात कमी सोसतात. मला हे फार मनाला लागलं.

स्वच्छतेबद्दल इथे अजिबात सूट नाही. क्रीमच्या डब्यात बोट घातलेलं दिसलं की डबा बाजूला, तो परत कुणाला वापरायचा नाही. स्पॅच्युलाने क्रीम वाटीत काढायचं आणि एकदा चेहऱ्याला लागलेला स्पॅच्युला डब्यात परत जात नाही. ब्लॅकहेड्स काढायची सुई एकदाच वापरायची आणि जाड डब्यात टाकायची. धातूची अवजारं आधी साबणाने घासून मग जंतुनाशकात, आणि ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) असेल तर 121 डिग्रीला. नुसतं अल्कोहोल फवारलं की झालं असं समजणाऱ्या कितीतरी जणी मी बघितल्यात, पण वर तेल आणि मळ तसाच असेल तर जंतुनाशक खालपर्यंत पोचतच नाही.

मसाज मात्र मनापासून शिकवला, भरपूर वेळ घेऊन. आधी स्वतःच्या गुडघ्यावर सराव, खरंच, कारण गुडघ्याचा गोल आणि हाडाचा उंचवटा गालासारखा लागतो आणि दाब किती होतोय ते स्वतःलाच कळतं. आधी लांब हलके हात फिरवायचे, मग हलकं मळणं, मग बोटांच्या टोकांनी थापट्या. दोन्ही हात एकदम चेहऱ्यावरून उचलायचे नाहीत, एक हात कायम टेकलेला पाहिजे, नाहीतर डोळे मिटून पडलेल्या बाईला दचकल्यासारखं होतं. डोळ्यांभोवती अनामिकेनेच, कारण त्या बोटाचा जोर सगळ्यात कमी. माझा हात सुरुवातीपासून जरा घाईचा आहे, मॅडम मागे उभं राहून हळूच म्हणायच्या "श्वासाबरोबर हात चालू दे", आणि खरंच क्लायंटच्या श्वासाचा वेग पकडला की लय आपोआप बसते.

स्टीमने रोमछिद्रं उघडतात आणि थंड पाण्याने बंद होतात हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण छिद्रांना स्नायूच नसतो तर ती दारासारखी उघडणार आणि मिटणार कशी. वाफेने वरचा थर आणि आत साठलेलं तेल मऊ पडतं एवढंच, म्हणून ब्लॅकहेड्स सोपे निघतात. पाच-सात मिनिटं पुरे, आणि ज्यांचे गाल पटकन लाल होतात त्यांना वाफ नाहीच. ब्लॅकहेडचा काळेपणा पण मळाचा नसतो, आतला मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, आणि तेल हवेशी लागून काळं पडतं, त्यामुळे कितीही चेहरा धुतला तरी तो जात नाही. आणि नाकावर जे करडे बारीक ठिपके दिसतात ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच, ते तेलाचे नैसर्गिक धागे, काढले तरी थोड्या दिवसांत परत भरतात. हे सांगितलं की क्लायंटचा अर्धा जीव शांत होतो.

आता तक्रारी. एक्स्ट्रॅक्शनचा, म्हणजे ब्लॅकहेड्स वगैरे दाबून काढायचा सराव फारच कमी मिळाला. बॅच मोठी, लॅम्प मोजके, प्रत्येकीच्या वाट्याला थोडा वेळ, आणि हे काम बघून येत नाही, बोटांना टिश्यू गुंडाळून बाजूने किती दाबायचं आणि निघत नसेल तर कधी सोडून द्यायचं हे हातानेच कळतं. मशीनचा भाग अक्षरशः पळवला. हाय फ्रिक्वेन्सीची जांभळी नळी फिरवून दाखवली, गॅल्व्हॅनिक कसं चालतं ते सांगितलं (दोन्ही चेहऱ्यावर हलका विजेचा प्रवाह देणारी मशीन), हृदयाला पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल तर मशीन लावायचं नाही हे पक्कं घोकून घेतलं, ते बरं केलं, पण मशीन एकच आणि आम्ही सगळ्या भोवती उभ्या, म्हणजे हातात धरून करायला मिळणार कधी? ज्यांना मशीनवरच काम करायचंय त्यांनी वेगळा कोर्स बघावा.

दुसरं, किट एकाच कंपनीचं घ्यायला लावतात. वाईट नाहीये ते, पण क्लासमध्ये एवढं घटक वाचायला शिकवायचं, सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं म्हणून ब्लॅकहेड्सच्या आतपर्यंत जातं, ग्लायकॉलिकचा रेणू छोटा म्हणून पटकन आत शिरतो आणि म्हणून जपून, आणि मग निवडायची मोकळीकच द्यायची नाही हे मला पटलं नाही. मी फीडबॅकमध्ये लिहिलंय. नोट्सही जुन्या आहेत, त्यात अजून छिद्रं उघडतात असंच छापलंय, मॅडम शिकवतात वेगळं आणि कागदावर वेगळं, नवीन मुलगी परीक्षेला काय लिहिणार?

डॉक्टरांच्या ताकदीचे पील इथे शिकवत नाहीत आणि ते बरोबरच आहे, ते पार्लरचं काम नाही. शेवटी सनस्क्रीन लावल्याशिवाय क्लायंटला उठू द्यायचं नाही हा नियम मात्र कडक, कारण मृत पेशी काढलेल्या (एक्सफोलिएट केलेल्या) चेहऱ्याने उन्हात गेलं की केलेलं सगळं वाया. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे उन्हातले किरण, अडवतो आणि 50 वाला 98, त्यामुळे आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा पुरेसं लावणं आणि दर दोन तासांनी परत लावणं जास्त कामाचं.

नवीन शिकणाऱ्या आणि माझ्यासारख्या थोडं काम येणाऱ्या, दोघींनाही मी हा कोर्स सुचवेन. फक्त ॲडमिशन घेताना बॅचमध्ये किती जणी आहेत आणि एक्स्ट्रॅक्शन प्रत्येकीला किती वेळा करायला मिळणार हे आधी स्पष्ट विचारा, छोटी बॅच असेल तर थांबून तीच घ्या. डेमोला बसू देतात, शक्यतो प्रॅक्टिकलच्या दिवशी जा, आणि जाताना नखं कापून, अंगठ्या काढून जा, नाहीतर मॉडेलच्या चेहऱ्याला हात लावून बघायला मिळणार नाही.