शुक्रवारची नवीन गाणी आणि एकटीने काढलेल्या सुट्ट्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका गाण्याचा किंवा अल्बमचा नाहीये. म्युझिक ॲपवर दर शुक्रवारी आपल्यासाठी म्हणून नवीन गाण्यांची जी यादी येते ना, तिचा आहे. ॲपचं नाव घेत नाही कारण पुढे शिव्या पण घालणार आहे, आणि तसंही हल्ली सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच मिळतं. मी गेली चार वर्षं पैसे भरतेय पण ती यादी मनापासून ऐकली या डिसेंबरातच.

झालं काय, ऑफिस २० तारखेपासून बंद, ज्या माणसाबरोबर दरवर्षी या सुट्ट्या काढायचे तो आता आयुष्यात नाही (डिटेल्स नकोत), मैत्रिणी आपापल्या घरच्यांत, आणि फोन उघडला की सगळ्यांचे ग्रुप फोटो. पहिल्या दिवशी सवयीने माझी जुनी प्लेलिस्ट लावली आणि तिसऱ्या गाण्याला बंद केली. प्रत्येक गाण्यात कोणी ना कोणी आधीच येऊन बसलेलं. हे गाडीतलं, हे त्याने पाठवलेलं, हे भांडण झाल्यावर रात्रभर लावून ठेवलेलं, म्हणजे गाणं राहिलं बाजूला आणि मी आपली दोन वर्षं मागे जाऊन उभी. त्यात ॲपने नेमका त्याच महिन्यात वर्षभराचा हिशोब काढून दिला, कुठलं गाणं किती वेळा ऐकलं वगैरे. अरे बाबा माहितीये मला, मीच ऐकलंय ना.

मग म्हटलं असं काहीतरी लावू जे आयुष्यात कधी ऐकलंच नाही. आणि ते जमलं चक्क! नवीन गाण्याला आपल्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नसतं, ते कोणाचीच आठवण काढत नाही. आवडलं नाही तर पुढचं. आवडलं तर ते फक्त माझं, त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

दुसरा फायदा वाराचा. सुट्टीत घरी बसलं की आज मंगळवार की बुधवार तेच कळेनासं होतं, पण शुक्रवार तेवढा पक्का राहिला. हे शुक्रवारचं प्रकरण तसं फार जुनं नाही. आधी प्रत्येक देशाचा रिलीजचा वार वेगळा असायचा, अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार, जर्मनी-ऑस्ट्रेलियात शुक्रवार, आणि मग एकीकडे आलेला अल्बम दुसरीकडे यायच्या आधीच चोरून फिरायला लागायचा, म्हणून १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार ठरवून टाकला. मी गुरुवारी रात्री बाराला डोळे चोळत फोन घेऊन बसायचे. इथे पहिली तक्रार, अल्बम बाराला उघडतात पण यादी बाराला बदलत नाही, ती सकाळी कधीतरी बदलते. दोनतीनदा रिफ्रेश करून झोपले आणि सकाळी बघितली तर हजर. पण खरं सांगू, सकाळी उठायला काहीतरी कारण होतं हे त्या आठवड्यात माझ्यासाठी बरंच होतं.

आता ज्या गाण्यामुळे हा सगळा प्रपंच लिहायला घेतला ते. यादीत बाविसावं, नाव कधी न ऐकलेला माणूस, नुसता पियानो. घरीच रेकॉर्ड केलेलं असावं. सुरुवातीला खुर्ची करकरते, मग तो एकदा नाक ओढतो, दोन सूर वाजवतो, तिसरा चुकतो, थांबतो, आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. हे सगळं तसंच ठेवलंय, कापलेलं नाही. मी दिवे बंद करून हेडफोन लावून पडले होते आणि खुर्ची वाजली तेव्हा खरंच मान वळवून मागे बघितलं की खोलीत कोण आलं. मग स्वतःचंच हसू आलं. त्या दिवसात पहिल्यांदा. बऱ्याच ॲपवर ३० सेकंद ऐकलं तरच ते ऐकलं असं धरतात, म्हणून हल्ली गाणी पहिल्या पाच सेकंदातच अंगावर येतात, सुरावट बिरावट गेली खड्ड्यात, आधी हुक, म्हणजे कानात अडकून बसणारा तुकडा. आणि हा बाबा चाळीस सेकंद खुर्चीच सारतोय! मला तो माणूस जाम आवडला. एकट्याने एका खोलीत बसून केलेल्या संगीताला एक वेगळीच ऊब असते, बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीने नाही का २०२० च्या डिसेंबरात 'मॅकार्टनी ३' काढला, लॉकडाऊनमध्ये, जवळपास सगळी वाद्यं स्वतःच वाजवून.

पण आता शिव्या. सगळ्यात गरज असते नेमकी तेव्हाच ही यादी आटते. २६ तारखेच्या शुक्रवारी तीस गाण्यांत नवीन म्हणावीत अशी फार तर सहा, बाकी जुन्याच गाण्यांचे रिमिक्स, लाईव्ह, डिलक्स आणि ते फास्ट केलेलं कार्टूनसारखं व्हर्जन. कारण सरळ आहे, मोठे अल्बम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकतात, मग लेबलवाले (म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्या) सुट्टीवर, आणि लोकांना तरी त्या आठवड्यात नवीन कुठे हवं असतं? ब्रेंडा लीचं १९५८ सालचं ख्रिसमसचं गाणं २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत एक नंबरला गेलं, यातच काय ते आलं. सगळं जग जुन्या गाण्यांच्या मांडीवर जाऊन बसलेलं असतं तेव्हा मला ती नको होती, तो काय ॲपचा दोष नाही म्हणा. अपवाद असतात, 'रन द ज्वेल्स' या अमेरिकन रॅप जोडीने २०१६ मध्ये २४ डिसेंबरला तिसरा अल्बम तीन आठवडे आधीच आणि फुकट टाकला होता. पण दरवर्षी कोण टाकतंय.

त्या आठवड्यात मला बँडकॅम्पने तारलं, म्हणजे कलाकार स्वतःच आपली गाणी विकतात ती वेबसाइट. तिथे छोटे छोटे कलाकार वार-सण न बघता टाकत असतात, टॅग (म्हणजे संगीताचा प्रकार वगैरे) निवडायचा, नवीन आधी असं लावायचं आणि खाली खाली जात राहायचं. बरंच भंगार निघतं, खोटं कशाला बोलू. पण डिजिटल विक्रीतले ते १५ टक्केच ठेवतात, बाकी (पेमेंटचा खर्च जाता) कलाकाराला, त्यामुळे एखादा अल्बम विकत घेतला की आपण कोणाच्या तरी हातात काहीतरी ठेवलं असं वाटतं. आणि अल्बमच्या पानावर विकत घेणाऱ्यांनी दोन-दोन ओळी लिहिलेल्या असतात, मी तर गाण्यांपेक्षा त्याच वाचत बसायचे.

एक टीप, ऑटोप्ले बंद करा. अल्बम संपल्यावर जी शांतता हवी असते तिथे ॲप आपल्या मनाने पुढचं काहीतरी घुसवतं, आणि ते हमखास जुनं, तेच, जे टाळायला एवढा खटाटोप केला. मला दोन रात्री रडवलंय त्याने. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी दडवलेलं असतं, शोधायला लागतं.

आणि शेवटची तक्रार. मी एका शांत आवाजाच्या गायिकेला फॉलो करते, तिच्याच नावाचा एक घसा फोडून ओरडणारा मेटल बँड आहे, आणि ॲप त्या दोघांना एकच समजतं. दर शुक्रवारी, सकाळी डोळे उघडायच्या आत, पाचव्या नंबरला धाडधाडधाड. तीन वेळा तक्रार केली. उत्तर काही नाही, सपोर्टवाले पण सुट्टीवरच असणार. दुसऱ्या शुक्रवारी चिडून पूर्ण ऐकलं, तिसऱ्या शुक्रवारी आवाज वाढवून ऐकलं. जानेवारीत मेल आला की चूक दुरुस्त केलीये, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि खरंच, पुढच्या शुक्रवारी पाचव्या नंबरला कोणीतरी गिटारवाला. मी यादी दोनदा वरखाली बघितली आणि मग सर्चमध्ये जाऊन त्या बँडला फॉलो केलं.

पाचपैकी साडेतीन.