हायड्रॉलिक पंपाची मोटर बदलून आठ महिने: मोटरहोमच्या लेव्हलिंग जॅकचा वापरानंतरचा अनुभव

उभी गाडी समतल करणारे चार जॅक आणि एक स्लाइड-आउट (गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) चालवणाऱ्या १२ व्होल्टच्या पॉवर युनिटवर, म्हणजे मोटर, पंप आणि ऑइलची टाकी यांच्या एकत्र संचावर, ही बदली मोटर बसून आठ महिने झाले. या काळात ती एकदाही अडकलेली नाही. तरीही मोटर मागवायच्या आधी केबल, सॉलेनॉइड (बटण दाबल्यावर मोटरचा मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच) आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) तपासा, असंच सांगावंसं वाटतं, कारण या युनिटमध्ये दोष कोणाचाही असो, बदनाम मोटरच होते.

जुन्या मोटरचं दुखणं असं: जॅक हवेत असेपर्यंत सगळं सुरळीत, पाय जमिनीला टेकून गाडीचं वजन आलं की आवाज खोल जायचा आणि शेवटी नुसतं ‘टक्’. हे टक् सॉलेनॉइडचं. ते ऐकू आलं म्हणजे बटण, पार्किंग ब्रेकचा इंटरलॉक (ब्रेक लावल्याशिवाय जॅक चालू न देणारी अडवणूक) आणि कंट्रोल पॅनल इथपर्यंत सगळं ठीक आहे. तेही ऐकू येत नसेल तर मोटर सोडा, आधी सॉलेनॉइडच्या छोट्या टोकाला व्होल्टेज पोचतंय का ते बघा. मोटर गरगर फिरते पण जॅक हलत नाही, तर कपलिंग (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा तुकडा) तुटलंय, ऑइल कमी आहे किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. आणि रात्रभरात जॅक खाली बसत असेल तर त्याचा मोटरशी काडीचाही संबंध नाही. तो व्हॉल्व्हचा किंवा सिलिंडरच्या सीलचा प्रश्न.

मोजमाप मात्र लोडखालीच, म्हणजे मोटर ओढत असतानाच घ्यायचं. मोटर बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ दिसले म्हणून हायसं वाटून घेऊ नये. गंजलेल्या थिंबलमधूनही (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीतूनही) मीटरपुरते १२.६ आरामात येतात. एकाने बटण दाबून धरावं, दुसऱ्याने मीटर धरावा. पहिलं वाचन बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर, क्लॅम्पवर नव्हे: साडेदहाच्या खाली कोसळलं तर बॅटरीच गेलेली. मग बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून मोटरच्या स्टडपर्यंत (केबल जोडायच्या आट्यांच्या खुंटापर्यंत) अर्ध्या व्होल्टच्या आसपास घट चालेल. सॉलेनॉइडच्या दोन मोठ्या स्टडमध्ये ०.२ पेक्षा जास्त नको. मोटरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह खांब, इथेही ०.२ ते ०.३ पुरे.

आमच्या युनिटमध्ये सॉलेनॉइडवर १.४ व्होल्ट दिसले. १५० अँपिअरला याचा अर्थ २१० वॉट उष्णता, तीही आतल्या एवढ्याशा तांब्याच्या चकतीवर. सॉलेनॉइड बदलून तेवढी घट गेली, पण मोटर तरीही अडकली. स्टडवर ११ व्होल्ट येत असून मोटर गप्प असेल तर पुढचा निवाडा डीसी क्लॅम्प मीटरचा. करंट जवळपास शून्य असेल तर ब्रश (करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) कम्युटेटरला, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकत नाहीत. बॉडीवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर मोटर चालली तर शंकाच नको. करंट भरमसाट आणि फिरणं नाही, तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा, वेटोळ्यांचा भाग) शॉर्ट किंवा पंप जाम. मोटर काढून पंपाचा शाफ्ट हाताने फिरवला की यातलं कोण ते कळतं. किंचित अडत, पण एकसारखा फिरायला हवा.

सॉलेनॉइड घेताना एक फसगत होते. स्टार्टरसाठीचं आणि सतत चालू राहू शकणारं सॉलेनॉइड बाहेरून अगदी सारखं दिसतं. स्टार्टरवाल्याची कॉइल काही सेकंदांसाठी बनवलेली असते. जॅक लावताना मिनिटभर ओढलेली राहिली की तापते. त्यामुळे सतत वापराचं, असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

जुनी मोटर उघडली तेव्हा खरं कारण हाताला लागलं, शब्दशः. कार्बनची पूड आणि लाल ऑइल मिळून काळा, काजळासारखा चिकट लेप झाला होता आणि त्यात एक ब्रश होल्डरमध्ये रुतून बसला होता. मोटरमध्ये ऑइल येतं ते पंपाच्या शाफ्ट सीलमधून. सील तसंच ठेवून नवी मोटर बसवली असती तर तिचंही तेच झालं असतं. म्हणून मोटर काढल्यावर पंपाच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. कोरडं असेल तर उत्तम, ओलं असेल तर सील आधी.

मोटर निवडताना व्होल्टेज जुळलं म्हणून भागत नाही. शाफ्टचं टोक खाचेचं, जिभेचं की स्प्लाइनचं (दातेरी), बसणाऱ्या गळ्याचा व्यास, बोल्टमधलं अंतर, स्टड किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाफ्टच्या बाजूने बघता फिरण्याची दिशा. एकाच दिशेचा गिअर पंप उलटा फिरला की दाब तर येत नाहीच, वर शाफ्ट सील फुटू शकतं. कायम चुंबकाच्या मोटरची पोलॅरिटी उलटली की दिशा उलटते. सीरिज वाइंडिंगची मोटर मात्र पोलॅरिटी उलटवूनही त्याच दिशेने फिरते, त्यामुळे ‘वायरी उलट्या जोडून बघू’ हा उपाय तिथे चालत नाही. दोन सॉलेनॉइड लावून दोन्ही दिशांना फिरवणारी युनिटंही असतात. त्यांना एकाच दिशेची मोटर लावू नये.

काम सुरू करण्याआधी जॅक पूर्ण वर घेतलेले हवेत. मोटर मेल्यामुळे ते खालीच अडकले असतील तर स्प्रिंगने परतणाऱ्या जॅकना हाताने उघडायचे व्हॉल्व्ह असतात. दोन्ही बाजूंनी दाबावर चालणाऱ्या प्रणालीत काही मोटरींच्या मागच्या टोकाला स्टिकरखाली हेक्स खाच मिळते, तिथे कॉर्डलेस ड्रिल लावून पंप फिरवता येतो. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, घोड्या (लोखंडी आधार) लावूनच.

बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, वायरींना खुणा करा, फोटो काढा, मग दोन लांब बोल्ट सोडून मोटर सरळ बाहेर ओढा. कपलिंगचा तुकडा शाफ्टवर राहिला की पंपात, ते बघून ठेवा. खाली पडून हरवणारा भाग तोच. नवी बसवताना ओ-रिंगला ऑइलचं बोट लावा, जीभ खाचेत हाताने बसल्याशिवाय बोल्ट आवळू नका, आणि दोन्ही आळीपाळीने आवळा. मोटर आणि पंपामध्ये फट दिसत असताना बोल्टने ओढून घेणं म्हणजे कपलिंग किंवा बेअरिंगचा बळी.

स्टडवर दोन नट असतात. वरचा आवळताना खालचा दुसऱ्या पान्ह्याने धरा. तो धरला नाही तर अख्खा स्टड फिरतो आणि आत ब्रशला जोडलेली तांब्याची वेणी तुटते. नवी कोरी मोटर पहिल्याच दिवशी अशी मरते आणि दोष कंपनीला जातो.

ऑइल उत्पादकाने सांगितलेलंच. बहुतेक युनिटांत लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) असतं. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, ते सील फुगवतं. गुलाबी-दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला. पातळी जॅक आणि स्लाइड-आउट पूर्ण आत असतानाच बघायची. जॅक खाली असताना टाकी भरली तर वर घेताना ऑइल झाकणातून बाहेर येतं. हवा काढायला तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली, मध्ये मोटरला थंड व्हायला वेळ, फेस बसू द्या, मग पुन्हा पातळी.

आठ महिन्यांत काय दिसलं? पुढचे जॅक उचलताना करंट ९५ ते ११० अँपिअरमध्ये राहतो, कडक थंडीत घट्ट ऑइलमुळे पहिल्या फेरीला थोडा वर जातो. आवाज जुन्यापेक्षा जरा किनरा आहे, त्याची सवय होते. मोटर न अडकण्यात बराचसा वाटा केबलचाही. जाऊन-येऊन १० मीटरची ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल १५० अँपिअरला पाऊण व्होल्ट खाते, ५० ची साधारण अर्धा. पंपाला लागणारा टॉर्क दाबावर ठरतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं तरी करंट फारसा घटत नाही; मोटर सावकाश फिरते आणि त्याच कामाला जास्त वेळ तापत बसते. आम्ही ५० ची घातली आणि अर्थची स्वतंत्र केबल थेट मोटरच्या बोल्टपासून बॅटरीपर्यंत नेली. चासिसच्या रंगावर चढवलेल्या थिंबलवर विसंबणं सोडलं.

तक्रारी दोन. स्टडवर रबरी टोपी आलेली नव्हती, वेगळी लावावी लागली. कप्प्यात चाकाचं पाणी उडतं तिथे ती हवीच. दुसरी म्हणजे बॉडीचा रंग पातळ आहे, सहाव्या महिन्यात मागच्या झाकणाच्या कडेला गंजाची रेघ दिसली. पोलिश पेपरने घासून प्रायमर मारला. दोन महिन्यांनी बघितलं तर रेघ पुढे सरकलेली नाही.