स्पोकन ट्युटोरियल : मराठीतून संगणक शिकवणारा मोफत वर्ग

मोफत शिक्षण देणाऱ्या संकेतस्थळांच्या याद्या आता पैशाला पासरी मिळतात. परंतु त्यांतील बहुतेक नावे इंग्रजी चांगले येणाऱ्या विद्यार्थ्याच्याच उपयोगाची असतात. ज्याचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, ज्याला नोकरीत किंवा स्वतःच्या दुकानात संगणक हाताळावा लागतो आणि ज्याला क्लासची फी परवडत नाही किंवा वेळ जमत नाही, अशा माणसाने विचारले तर मी आधी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे नाव सांगतो.

प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने पवईत सुरू झालेल्या आणि केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यावर उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात संगणक चालवणारी लिनक्स, कचेरीच्या कामांचा संच लिबरऑफिस, प्रोग्रामिंगसाठी पायथन आणि जावा, चित्रांसाठी गिम्प, त्रिमितीय चित्रांसाठी ब्लेंडर, गणितासाठी सायलॅब, मजकुराच्या मांडणीसाठी लाटेक अशा अनेक प्रणालींचे व्हिडिओ पाठ आहेत. या बहुतेक प्रणाली मुक्त स्वरूपाच्या, म्हणजे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येणाऱ्या आहेत. शिकवणी फुकट आणि ज्यावर सराव करायचा ते सॉफ्टवेअर मात्र हजारो रुपयांचे, अशी गंमत इतरत्र अनेकदा होते. ती येथे होत नाही.

पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. शिक्षकाचा चेहरा कोठेही दिसत नाही. दिसतो तो संगणकाचा पडदा, आणि ऐकू येतो तो एकेक कृती सांगणारा आवाज. पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ आणि उरलेल्या अर्ध्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडून ठेवावे, सांगितलेली कृती लगेच करावी, चुकल्यास व्हिडिओ थांबवून मागे न्यावा, अशी अभ्यासाची रीत स्वतः प्रकल्पानेच घालून दिली आहे. नुसते बघत बसणाऱ्याला हे पाठ रटाळ वाटतील, आणि ते तसे आहेतही. हात चालवणाऱ्याला मात्र हाच संथपणा सोयीचा ठरतो. पाठाची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून करून पाहिली जाते, आणि 'येथून पुढे कसे आलो हेच कळले नाही' असे फारसे का होत नाही, याचे कारण बहुधा त्यातच आहे.

उदाहरणादाखल लिबरऑफिस कॅल्कची, म्हणजे त्या संचातल्या हिशेबाचे तक्ते मांडणाऱ्या प्रणालीची मालिका घ्या. तिच्यात वैयक्तिक जमाखर्चाची एक वही पाठागणिक वाढत जाते: घरभाडे, विजेचे बिल, फोनचे बिल, धोब्याचा खर्च अशा नोंदी आधी भरल्या जातात, मग त्यांची बेरीज, मग क्रमवारी, मग आलेख. विक्रीचे काल्पनिक आकडे घेऊन शिकवणाऱ्या पुस्तकांपेक्षा हे कितीतरी बरे, कारण महिनाअखेरीस हीच वही आपल्या घरच्या आकड्यांनी भरता येते. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्यांनाही मी हीच मालिका सुचवतो.

भाषेची योजना विशेष दखल घेण्याजोगी आहे. पडद्यावरचे मेनू इंग्रजीतच राहतात, निवेदन तेवढे मराठीत होते. 'फाईल मेनूवर क्लिक करून सेव्ह अ‍ॅज निवडा' हे वाक्य ज्याने एकदा ऐकले, त्याला कचेरीतल्या कोणत्याही संगणकावर ते बटण सापडते. मेनूंचेही अवघड मराठीकरण करून ठेवले असते, तर शिकणारा घरी पंडित आणि कचेरीत अडाणी ठरला असता. पाठाचा मजकूर वेळेच्या नोंदीसह दोन रकान्यांत स्वतंत्रपणे वाचायलाही मिळतो. इंटरनेटचा वेग बेताचा असलेल्यांनी तो अवश्य वापरावा. शंका विचारताना ती व्हिडिओच्या कोणत्या मिनिटाला आणि सेकंदाला आली हे नोंदवण्याची सोय आहे, आणि ती मला अतिशय शहाणपणाची वाटते.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. कित्येक पाठ जुने झाले आहेत. लिबरऑफिसच्या पहिल्या मालिकेत ३.३ ही आवृत्ती आणि उबंटू १०.०४ हा लिनक्सचा जुना अवतार दिसतो; आजच्या पडद्यावर तीच चिन्हे वेगळ्या जागी असतात, आणि नवशिका तेथेच अडखळतो. नव्या आवृत्त्यांवरचे पाठ तयार झाले आहेत. तेव्हा आपल्याला हवी ती नवी मालिका मराठीत आहे का, हे प्रथम पाहावे. प्रत्येक विषयाचे सर्व पाठ मराठीत मिळतीलच असेही नाही. निवेदनातील मराठी काही ठिकाणी भाषांतराच्या ओझ्याने वाकलेली असते, आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी येणारा अर्थसाहाय्याचा तोच तो उल्लेख लवकरच पाठ होतो. शिवाय परीक्षा आणि प्रमाणपत्राची व्यवस्था मुख्यतः महाविद्यालयांमार्फत चालते, त्यामुळे घरबसल्या शिकणाऱ्याच्या पदरी ज्ञान पडते, कागद सहजी पडत नाही.

ज्याला कागद हवाच आहे, त्याने एनपीटीईएलकडे वळावे. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेल्या या उपक्रमात चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. केंद्रावर होणाऱ्या परीक्षेसाठी तेवढे शुल्क भरावे लागते. निकालात साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. पण तेथील व्याख्याने मुख्यतः इंग्रजीत आहेत आणि पातळी पदवीच्या वर्गाची आहे. पायथनची तोंडओळखही नसताना थेट तेथे नाव नोंदवणारे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतात, तर तीच तोंडओळख आधी मराठीतून करून घेतलेल्यांचा निभाव लागण्याची शक्यता बरीच अधिक असते.

अगदी नवख्याने कॅल्कपासून आरंभ करावा, मग लिबरऑफिसमधलेच मजकूर लिहिण्याचे रायटर घ्यावे. लिनक्स आणि प्रोग्रामिंगला घाई नको. कचेरीत एक्सेलच वापरतात म्हणून कॅल्क टाळण्याचे कारण नाही, कारण बेरीज, सरासरी आणि अटींची नेहमीची सूत्रे दोन्हीकडे जवळजवळ सारखीच लिहिली जातात, आणि कॅल्कमधली फाईल एक्सेलच्या स्वरूपात साठवताही येते.