आराखड्यानुसार केलेली बाग, एक उन्हाळा आणि एक पावसाळा: उंच वाफ्यातली झाडं पास, पायवाट नापास

बागेच्या कंत्राटदाराने वरखाली झालेली ब्लॉकची पायवाट पुन्हा एकदा 'मोफत' बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. ब्लॉक उचलायचे, खाली दोन इंच नवी वाळू पसरायची आणि परत ठोकायचे. ही मेहेरबानी नाकारली आहे, कारण दोष वाळूत नाहीच. चाळीस बाय तीस फुटांच्या बागेचा रंगीत आराखडा मिळाला. त्यात प्रत्येक झाडाचं नाव, उंची, फुलाचा रंग होता, पण खालची माती कोणती याचा एक शब्दही नव्हता. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत हा एक शब्द गाळला की पुढचं सगळं मोडीत निघतं.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, हे वावरात राबणाऱ्याला सांगायला नको. पायवाटेचं नुकसान मात्र नुसत्या फुगण्याने होत नाही, ते कमीजास्त फुगण्याने होतं. पायवाटेच्या एका अंगाला लॉन, दुसऱ्या अंगाला कोरडं कुंपण. मे महिन्यात लॉनकडची माती ओली, म्हणून ती कड वर. कुंपणाकडे हात जाईल एवढ्या भेगा, म्हणून ती कड खाली. मृगाच्या पावसाने कुंपणाची बाजूही फुगली आणि मधले ब्लॉक सांध्यात उचलले गेले. ६० मिमीचे ब्लॉक चांगलेच होते, एकही फुटला नाही. त्यांच्याखाली काळ्या मातीवर थेट दोन इंच वाळू होती, बस्स.

करायला हवं होतं ते असं. साठ फूट लांब आणि तीन फूट रुंद पायवाटेसाठी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट जास्त धरून चार फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणायचा. तळाशी न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, म्हणजे काळा गारा मुरमात वर चढत नाही. त्यावर सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर, प्रत्येक थर ओलवून धुम्मसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकून. चर ३६० घनफूट, म्हणजे ३.६ ब्रास, ठोकल्यावर मुरूम बसतो, त्यामुळे साडेचार ब्रास मागवायचा. वर इंच-सव्वा इंच वाळू, मग ब्लॉक, आणि दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, म्हणजे काठाची पट्टी. कर्ब नसेल तर ब्लॉक बाहेर सरकत जातात, खाली कितीही मुरूम घाला.

न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर काळ्या मातीवर देण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी मांडली. इमारतीच्या पायाखाली तो थर मीटरभर घेतात. पायवाटेखालच्या दीड फूट मुरमाने फुगणं थांबणार नाही, पण ते सारखं होईल, आणि पायवाटेला तेवढं पुरतं.

स्वस्तातला पर्याय म्हणून वरच्या मातीत तीन-चार टक्के चुना मिसळण्याचाही प्रस्ताव आला होता. चुन्याने काळी माती खरोखर आवरते. पण पायवाटेला लागूनच इक्झोराचा वाफा आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास असतो, त्यामुळे झाडाला लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे संत्रावाल्यांना ओळखीचं लक्षण. तिथे आणखी चुना नको. त्या वाफ्याला ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (मातीत अडकून न राहणारं) लोह द्यावं लागलं. दुकानात सहज मिळणारं ईडीटीएवालं एवढ्या सामूला टिकत नाही. आराखडा करणाऱ्याने इक्झोराऐवजी तगर आणि कण्हेर लावली असती तर हा खर्चच वाचला असता. अर्थात कण्हेर विषारी आहे. गुरं-शेळ्या तोंड घालतील अशा कडेला ती नको.

लॉनबद्दल थोडक्यात. पाचशे चौरस फूट म्हणजे सेहेचाळीस चौरस मीटर. मे महिन्यात दिवसाला ८ मिमी पाणी धरलं तरी रोज साडेतीनशे लिटरच्या वर. बोअर आटत आलेल्या गावात हे शोभत नाही. दीडशे फूट ठेवा, बाकी जागेत हरळी. पाणी तोडलं तर ती वाळते, पावसात परत हिरवी होते. जी हरळी वावरातून काढायला मजूर लावतो तीच पैसे देऊन लावायची, हा विनोद पचवावा लागतो. लॉनसोबत आलेल्या लाल मातीतून लव्हाळा आला तो वेगळाच. त्याच्या गाठी खणून काढाव्या लागतात, वरून उपटून भागत नाही.

उंच वाफ्यांबद्दल उन्हाळ्यात मत वाईट होतं. फूटभर उंच, लाल मातीचे, दिवसातून दोनदा पाणी मागणारे. शेजारी काळ्या जमिनीतला मोगरा एका पाण्यावर निवांत. पावसाळ्याने हे उलटं केलं. काळ्या जमिनीत खड्डा करून भुसभुशीत खत-माती भरलेली झाडं पाण्यात उभी राहिली, कारण खड्ड्यातलं पाणी बाजूला झिरपायला जागाच नाही. पारिजातकाची मुळं कुजली. उंच वाफ्यातलं एकही झाड गेलं नाही. त्यात भर पायवाटेची: ती उताराला आडवी आणि सपाट, त्यामुळे धुऱ्यासारखी पाणी अडवत होती. खालून चार इंची पाइप शंभराला एक उताराने काढला असता तर पोळ्यापर्यंत डबकं राहिलं नसतं.

आता वाफा उंचच, पण मिश्रण वेगळं: चार भाग काळी माती, तीन भाग लाल माती, तीन भाग कुजलेलं शेणखत. काळ्या मातीत घमेलंभर वाळू घालून काही होत नाही, ती उलट विटेसारखी घट्ट होते. वर तीन इंच सोयाबीनचं कुटार, खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी थेट खोडाला लागते.

ठिबक मात्र अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. टाकी वीस फूट उंचीवर, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो. १६ मिमीच्या साध्या इनलाइन (आतच ड्रीपर बसवलेल्या) नळीला तो पुरतो. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणाऱ्या) ड्रीपरची रचना साधारण एक किलो धरून करतात, ते इथे वाया गेले असते. काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं, तेव्हा ताशी २ लिटरचे ड्रीपर दीड फुटावर पुरेत. मोठ्या झाडाला खोडाशी एक न देता दोन बाजूंना फूट-सव्वा फुटावर एक-एक द्या. संत्र्याला दुहेरी आळं करतात त्याच कारणासाठी, खोड कोरडं राहावं म्हणून. खाऱ्या बोअरने ड्रीपरवर पांढरा थर धरतो. पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल (आधी पाणी, मग आम्ल) घालून सामू चारपर्यंत आणा, नळ्या भरून रात्रभर ठेवा, सकाळी एंड कॅप उघडून धुवा. ब्लीचिंग पावडर त्याच दिवशी जवळही नको, क्लोरीन वायू सुटतो.

ठिबकची एकच तक्रार, आणि तीही पायवाटेचीच. सबमेन, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी देणारा पाइप, पायवाटेखालून विनासंरक्षण नेला आहे. ब्लॉक उचलले गेले तेव्हा त्याचा सांधा सुटला, आणि तिथून झिरपणारं पाणी पुन्हा त्याच काळ्या मातीत जाऊन तिला फुगवत राहिलं. नवा सबमेन ६३ मिमीच्या पीव्हीसी पाइपातून ओवून न्यायचा, सांधे पायवाटेच्या बाहेर ठेवायचे, म्हणजे ब्लॉक न हलवता तो ओढून काढता येतो.