हेरेनबर्ग स्टेशन, मोटारीशिवाय: काही महिन्यांच्या वापरानंतर

जर्मनीत स्टुटगार्टकडे नोकरी मिळाली की पहिला प्रश्न घराचा आणि लगेच दुसरा मोटारीचा. मी बोब्लिंगेनला कामाला, नवरा ट्युबिंगेनच्या विद्यापीठात. दोघांना सोयीचं पडावं म्हणून हेरेनबर्गला घर घेतलं. इतके महिने रोज हे स्टेशन वापरल्यावर खात्रीने सांगते, इथे मोटारीवाचून काही अडत नाही.

एस-१ ही एस-बान, म्हणजे इथली लोकल, १९९२ पासून हेरेनबर्गपर्यंत येते आणि इथूनच परत सुटते. त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. नुफ्रिंगेन, गेर्ट्रिंगेन, एनिंगेन, हुल्ब आणि मग बोब्लिंगेन. त्याच गाडीत बसून राहिलं तर साधारण चाळीस मिनिटांत स्टुटगार्टचं मुख्य स्थानक. विमानतळाला जायचं तर शहरापर्यंत जाऊ नका, रोरला उतरून एस-२ किंवा एस-३ पकडा. आपल्याकडे कल्याणला कर्जत-कसारा फाटा फुटतो, तसा इथे रोरला फुटतो. घरी पुण्याहून पाहुणे येणार असतील तर त्यांना हे आधीच लिहून पाठवा.

माझा जीव मात्र आमरटालबानवर आहे. ट्युबिंगेनला जाणारा हा वीसेक किलोमीटरचा मार्ग. त्यातला एंट्रिंगेन ते हेरेनबर्ग हा तुकडा १९६६ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला होता. पुढे ट्युबिंगेन आणि बोब्लिंगेन या दोन्ही जिल्ह्यांनी मिळून मार्ग हातात घेतला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये पूर्ण मार्गावर पुन्हा गाडी धावली. आता तो विजेवर चालतो, आणि गाड्या ट्युबिंगेनच्या पुढे बाद उराखपर्यंतही जातात. बंद पडलेली रेल्वे गावांनी परत मिळवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. उंटरयेसिंगेनजवळ उतारावरचे द्राक्षमळे दिसू लागले की नवरा वही मिटतो.

या स्टेशनची खरी परीक्षा संध्याकाळी होते. एस-बान दोन-चार मिनिटं उशिरा असली की नुफ्रिंगेन सुटताच ट्युबिंगेनवाले उठून दाराशी जमतात. गाडी पुरती थांबायच्या आत कुणाचा तरी अंगठा बटणावर असतो, दिवा लागला की दार उघडतं आणि सगळे धावत सुटतात. ट्युबिंगेनची गाडी गेली तर बहुधा अर्धा तास पुढचीची वाट. आमरटालबान बऱ्याच अंतरात एकेरी आहे, समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावं लागतं, म्हणून तिला उशिरा सोडणं सोपं नाही. ज्यांना वेळेवर पोचायलाच हवं त्यांनी सरळ एक गाडी आधीची धरावी. मी मुलाखत, परीक्षा, व्हिसाचं काम यांसाठी हाच नियम पाळते.

तिकिटाचा गुंता डॉइचलांडटिकेटने, म्हणजे देशभरच्या लोकल, प्रादेशिक गाड्या आणि बसना चालणाऱ्या मासिक पासने सोडवला. हेरेनबर्ग तिकिटांचे दर ठरवणाऱ्या एका वाहतूक संघात, ट्युबिंगेन दुसऱ्या. पास एकच झाल्यावर हद्दीचा विचारच उरला नाही. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला हा पास जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना झाला. वाढ खुपते, तरी मोटारीचा विमा, पेट्रोल आणि पार्किंग धरलं तर अजूनही स्वस्तच. फलाटावर जायला कुठे अडवत नाहीत, पण तपासनीस डब्यात येतात आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. पास फोनवर असतो, म्हणून बॅटरी सांभाळा.

बसचा तळ स्टेशनला लागूनच. नागोल्डकडे आणि आसपासच्या गावांना बस मिळते, मात्र रात्री आणि रविवारी फेऱ्या विरळ होतात. खेड्यात घर बघत असाल तर भाडं ठरवण्याआधी रविवारचं वेळापत्रक बघाच. जुनं गाव पायी जवळ आहे. वर टेकडीवर श्टिफ्ट्सकिर्श हे चर्च आणि तिच्यात घंटांचं संग्रहालय. शनिवारी आम्ही तिथून पुढे शोनबुखच्या जंगलात जातो, २०१८ मध्ये उभारलेल्या ३५ मीटर उंच मनोऱ्यापर्यंत.

घर घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २०२१ पासून कित्येक उन्हाळ्यांत स्टुटगार्टमधला एस-बानचा मुख्य बोगदा कामासाठी आठवडेच्या आठवडे बंद राहिला आहे. त्या दिवसांत शहरात जाणाऱ्यांनी जास्तीचा वेळ धरावा. दुसरं म्हणजे गॉयबान, म्हणजे होर्ब, रोटवाइल, सिंगेनकडून येणाऱ्या प्रादेशिक गाड्या. स्टुटगार्ट २१ च्या, म्हणजे मुख्य स्थानक जमिनीखाली नेण्याच्या कामात त्या काही वर्षं मुख्य स्थानकापर्यंत न जाता अलीकडे फाइहिंगेनलाच संपणार अशी योजना आहे, आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. होर्बच्या लोकांना ते जड जाईल. हेरेनबर्गकरांकडे एस-१ आहे, म्हणून स्टुटगार्टला रोज जाणाऱ्यांना मी होर्बऐवजी हेरेनबर्गच सुचवेन, भाडं थोडं जास्त पडलं तरी.