जिम्नेशियमचं ब्लॅकजॅक: पत्ते कधी संपतच नाहीत

बेटिंगच्या युक्त्या तपासायला पायथनमधलं 'जिम्नेशियम' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि त्यातलं 'ब्लॅकजॅक-व्ही१', म्हणजे ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचं सिम्युलेशन, दोन-तीन ओळींत चालू होतं. पहिला खड्डाही तिथेच. ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१) लागला की पैजेच्या दीडपट मिळायला हवेत. मूळ सेटिंगमध्ये एकपटच मिळतात. नुसतं 'नॅचरल' हे सेटिंग ट्रू (चालू) करून भागत नाही, 'सॅब' हे दुसरं सेटिंग फॉल्सही (बंदही) करावं लागतं. नाहीतर मुकाट्याने १ च येतो, एररबिरर काही नाही.

पैजेची रक्कम लावायची सोय मुळातच नाही. निकाल +१, ० किंवा −१ येतो (वरचं सेटिंग बदललं असेल तर ब्लॅकजॅकला +१.५). त्याला रकमेने गुणून शिल्लक आपणच ठेवायची. मार्टिंगेल (हरलं की पुढची पैज दुप्पट करायची युक्ती) तपासताना टेबलाची मर्यादा आणि खिशाची मर्यादा घालायला विसरलात, तर ती पद्धत हमखास जिंकते! १० पासून दुप्पट करत गेलं आणि मर्यादा १००० असली, तर सलग ७ डाव हरल्यावर १२७० गेलेले असतात आणि पुढची १२८० ची पैज लावताच येत नाही.

सपाट (दर डावाला तेवढीच) पैजेचे १०,००० डाव अगदीच तोकडे: सरासरी निकालातली प्रमाण त्रुटी, म्हणजे नशिबाने होणारा चढउतार, पैजेच्या १ टक्क्याच्या आसपास राहते. १० लाखांवर ती ०.१ टक्का होते.

पत्ते मोजणाऱ्यांनी (कोणते पत्ते निघून गेले त्यावरून पैज ठरवणाऱ्यांनी) मात्र इकडे फिरकू नये. प्रत्येक पत्ता जणू अमर्याद कॅटमधून येतो. दहा एक्के निघून गेले तरी पुढच्या एक्क्याची शक्यता १/१३ च. डबल (पैज दुप्पट करणं) आणि स्प्लिटही (जोडी फोडून दोन हात खेळणं) नाहीत. सहा कॅटचा शू (पत्ते वाटायची पेटी) हवा असेल, तर ३१२ पत्त्यांची यादी पिसून वाटण्याचा कोड स्वतःच लिहावा लागतो.